वाहत्या पाण्यात बोललेलं

"आत्ता नको. डोक्याला साबण लावलाय. नंतर या," शेजारची बाई पोलिसांना म्हणाली, आणि पोलीस गेले.

गेले म्हणजे खरोखरच गेले. त्यातला एक तर हसलासुद्धा. "सायकलीच्या चोरीबद्दल विचारायचं होतं, बाई. दुपारी चक्कर मारतो. साबण डोळ्यात जाऊ देऊ नका," असं म्हणून बूट वाजवत जिना उतरून गेला. शेजारच्या बाईने दार आपटलं, काहीतरी पुटपुटली आणि तिच्या न्हाणीत पुन्हा शॉवर सुरू झाला. एवढंच झालं. रविवारची सकाळ होती, इमारतीत कुणाकडे तरी कांदा परतत होता, कुणाचं तरी बाळ कंटाळून रडत होतं. आणि ती आपल्या दारामागे, एका हातात अर्धा सोललेला बटाटा आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन, भिंतीला पाठ लावून उभी होती. बूट खालच्या मजल्यावर होते तेव्हाच तिच्या अंगाला कळलं होतं. कान नंतर ऐकतात; आधी पोटऱ्यांना कळतं. आपला देश सोडून इथे येऊन इतकी वर्षं झाली, इथले कायदे तिने वाचले, नव्याने येणाऱ्यांना ते समजावूनही सांगितले, की इथे विचारल्याशिवाय कुणी आत येत नाही, तुम्ही नाही म्हणू शकता. पण हे साबणाचं कारण कुठल्याच कायद्यात नव्हतं. भीती नाही, नियम नाही, वकील नाही. नुसता डोक्याला लावलेला साबण. ती हळूहळू खाली बसली. बाबा असते तर त्यांना हे सांगायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग बाबा नाहीत हे नव्याने आलं. गुरुवारपासून ते असंच दर वेळी नव्याने येत होतं.

बाबा दार उघडताना नेहमी म्हणायचे, "या, या, आत या." सगळ्यांना. दूधवाल्याला, विद्यार्थ्यांना, घर चुकलेल्या माणसालाही. झडतीला सरकारची माणसं आली त्या संध्याकाळीही ते तसंच म्हणाले. दार ढकलून ती निम्मी आत आलीच होती, तरी बाबा घाईघाईने म्हणाले, "या, या, आत या," जणू त्यांनीच बोलावलं होतं. लहानपणी तिला त्याचा राग आला होता. पुढे कळलं, की आपल्या घराचा मालक म्हणून उरायला त्या माणसाजवळ तेवढंच वाक्य शिल्लक होतं. आईने सगळ्यांना चहा केला. एकाने साखर कमी घालायला सांगितली, आणि आईने ती कमी घातली. तेवढं मात्र तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. कपाटं उपसली गेली, गाद्या फाडल्या गेल्या, ते सगळं धूसर झालं. पण साखरेच्या डब्यावर थबकलेला आईचा हात अजून जसाच्या तसा आहे. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात एका मोठ्या तलावाचा नकाशा लावलेला होता आणि तलाव निळा होता. बाबा मुलांना म्हणाले, "हे निळं दिसतंय ना, तिथे आता बकऱ्या चरतात." तलाव खरोखरच आटला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. पण नकाशा सरकारी होता.

त्या संध्याकाळी ती माणसं बाबांना घेऊन गेली. काही आठवड्यांनी ते परत आले तेव्हा त्यांचे पुढचे दात नव्हते. "जिन्यावरून पडलो," ते म्हणाले. आई शेजाऱ्यांना म्हणाली, "जिन्यावरून पडले हो." शेजारी म्हणाले, "जपायला हवं या वयात." त्यांचं घर बैठ्या चाळीत होतं. त्या सबंध चाळीला जिना नव्हता.

नळाचं तेव्हापासून सुरू झालं. खरं तर बाबांना पाणी वाया गेलेलं खपायचं नाही. थेंब टपकताना ऐकू आला की ते जेवता जेवता उठून नळ आवळून यायचे. आई म्हणायची, "माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतंत तर माझा संधिवात तरी बरा झाला असता." तोच माणूस परत आल्यावर स्वयंपाकघरात गेला, मोरीत पातेलं पालथं घातलं आणि त्यावर नळ पूर्ण सोडला. पातेलं पालथं घातलं की आवाज वाढतो. मग आईला, दादाला आणि तिला जवळ बोलावून, पाण्याकडे तोंड करून, काय झालं ते त्यांनी सांगितलं. भिंती पातळ होत्या, आणि कुठल्या भिंतीला कान आहेत ते माहीत नव्हतं. पुढे ती घराची रीतच होऊन गेली. नळ बंद असेल तेव्हा बोलायचं ते भाजी, हवा, परीक्षा, गुडघे. नळ सुरू झाला की खरं. दादाला नोकरी का नाकारली ते पाण्यात कळलं. मामा कुठे आहे तेही पाण्यात. "खरं बोलणं आपल्याला परवडत नाही बघ," बाबा पोकळ झालेल्या ओठांवर हात धरून हसायचे, "बादलीच्या बादली जाते." पाण्याच्या आवाजाने आजही तिला एकदम जागं वाटतं, कुणीतरी आता काही महत्त्वाचं सांगणार आहे असं वाटतं. देश सोडून जायचं आहे हे तिनेही बाबांना तसंच सांगितलं होतं, मोरीशी वाकून, चेहऱ्यावर तुषार घेत. त्यांनी पातेलं नळाखाली नीट सरकवलं. मग म्हणाले, "जा. पण तिकडे गेलीस की नळ बंद ठेव."

बंद ठेवायला वेळ लागला. सुरुवातीला घरमालकीण भाड्याबद्दल बोलायला आली तरी तिचा हात नळाकडे जायचा. "तुम्ही भांडी घासताय की माझ्याशी बोलताय?" घरमालकीण वैतागून विचारायची. पण हळूहळू ती शिकली. माणूस पोहायला शिकतो तसंच हे असतं. आधी मन मानत नाही, मग एके दिवशी पाय सुटतात. दाराला आतून कडी लावून बसणं ती शिकली. तिकडे दुपारी दार लावलं तर समोरची बाई हाक मारून विचारायची, "काय गं, बरं नाही का?" आणि ती विचारपूस नसायची. इथे ती पहिले काही महिने कडी लावायची, उघडायची, पुन्हा लावायची, नवी साडी मिळाल्यावर घडी मोडून बघावी तशी. पडदे ओढून घ्यायची. कामाहून उगाच लांबच्या रस्त्याने घरी यायची, आणि उशीर का झाला हे जगातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही या विचाराने रस्त्यातच तिचे डोळे भरून यायचे. स्वातंत्र्य हा शब्द तिने तिकडे पुस्तकांतून खूप वाचला होता, आणि तिथे तो फार मोठा, घोड्यावर बसलेला वगैरे असायचा. इथे तो उशिरा घरी येण्याएवढा लहान निघाला, आणि त्यामुळेच तो तिला इतका भिडला.

ती काम करते तिथे दातांच्या कवळ्या बनतात. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यांचे साचे ओततात, मग गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. तिच्या शेजारी बसणाऱ्याला सगळे मेणवाला म्हणतात, कारण त्याच्या नखांतलं मेण त्याच्या लग्नातही निघालं नव्हतं, असं तोच सांगतो. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मेणवाला मोठ्याने म्हणाला होता, "प्रधानमंत्र्यांची कवळी एकदा माझ्याकडे आली पाहिजे. वरची-खालची जुळूच देणार नाही. निदान दोन दिवस तरी देशाला भाषणातून सुट्टी." तिने दाराकडे बघितलं होतं, मग खिडकीकडे, मग छतातल्या पंख्याकडे. दारात नेमका मालक उभा होता. "आधी माझ्या सासूची कर," मालक म्हणाला, "देशाचं नंतर बघू." सगळे हसले. हसायला तिला त्या दिवशी जमलं नाही. घरी गेल्यावर, एकटीला, कडी लावल्यावर जमलं, आणि मग थांबवता येईना. बाबांसाठी कवळी करावी हे तिच्या मनात रोज यायचं. रंग तिला ठाऊक होता, चहा पिणाऱ्या माणसाच्या दातांचा, किंचित पिवळसर. पण ठशाशिवाय कवळी होत नाही, आणि ठसा घ्यायला तोंड उघडावं लागतं, तिथे, कुणासमोर तरी. फोनवर तिने एकदा दादाला सुचवलं होतं. "इकडे हवा छान आहे," दादा म्हणाला होता.

आणि मग ती रेडिओवाली मुलगी. कारखान्याबाहेर, भर उन्हात, माइक घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती: बाहेरून आलेल्या लोकांना इथलं काय आवडतं? तिने पुढे निघून जायला हवं होतं. पण मेणवाला म्हणाला, "बोल की! रोज आमचं डोकं खातेस, इथे कसं नि तिथे कसं. आता देशाचं खा." आणि ती थांबली. म्हणाली, "इथे मी दार लावून घेतलं तर का लावलं असं कुणी विचारत नाही. इथे माणूस आपल्या खोलीत एकटा असू शकतो." मुलीने नाव विचारलं, तिने ते सांगितलं. कुठून आलात, तेही सांगितलं, बेधडक, हसत. केवढं बरं वाटलं होतं तेव्हा! उघड्यावर, नळाशिवाय, स्वतःच्या आवाजात. आपल्या देशाविरुद्ध तिने एक अक्षर काढलं नव्हतं, नुसतं इथलं कौतुक केलं होतं. पण लावलेल्या दाराचं कौतुक केलं की उघडं दार आपोआपच दिसतं, हे तिला त्या क्षणी सुचलं नाही. तिचं बोलणं लागलं तेव्हा मेणवाल्याने रेडिओ मोठा केला आणि साचे ठोकून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी फोनवर दादा हवेबद्दल बोलला नाही. म्हणाला, "तुझा आवाज छान येतो रेडिओवर. इथे सगळ्यांनी ऐकला." सगळ्यांनी. तिकडे घरात रेडिओ नव्हता.

त्यानंतर काही आठवडे गेले आणि गुरुवारी दादाचा फोन आला. "बाबा गेले. झोपेतच. सगळं उरकलं. तू येऊ नकोस, प्रवास झेपणार नाही तुला." झोपेतच. हा शब्द तो ज्या आवाजात म्हणाला तो आवाज तिला माहीत होता. पाठ केलेला, सपाट, शेजाऱ्यांसाठीचा. जिन्यावरून पडले हो. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घरघरत होता: ती माणसं पुन्हा आली होती का? तिचं ते हसत केलेलं कौतुक ऐकून कुणी पुन्हा दार ढकललं का, आणि दात नसलेल्या त्या म्हाताऱ्याने पुन्हा घाईघाईने "या, या, आत या" म्हटलं का? बाकी काही नको होतं. तिकडे जाता येणार नाही, तोंड बघता आलं नाही, खांदा नाही, राख नाही, हे सगळं तिने गिळलं असतं. एवढं एक कळलं असतं तर ती त्याच्याशी कसंही जगली असती. कुणी आलं नसेल तर रडून, आलं असेल तर तेही ओझं घेऊन. पण हे न कळणं म्हणजे बरणीचं झाकण अर्धवट फिरून अडकावं तसं होतं, ना उघडत होतं ना लागत होतं. शुक्रवारी कारखान्यात तिने एका कवळीला खालचे दात वर बसवले. मेणवाल्याने काही न बोलता ती तिच्या हातातून घेतली आणि सगळे दात उपसून पुन्हा लावले. "घरी जा," तो म्हणाला. "आमच्याकडे बाप मेला तर माणूस बोंबलतो. तू तर नुसती बसली आहेस. बोंबल जरा. कोण अडवतंय?" कुणीच अडवत नव्हतं. तीच तर गंमत होती.

रविवारी दुपारी आईला फोन करायचा ठरलेला असतो. बटाटे उकडून तसेच राहिले. तिने कडी लावली, पडदा ओढला आणि नंबर फिरवला. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. विचारलं तर उत्तर आईला द्यावं लागणार होतं. तोंड इथलं मोकळं असलं तरी कान तिकडचे होते, आणि फोनच्या लाइनवर मध्ये कुठेतरी कुणीतरी चहा पीत ऐकत बसलेला असणार होता.

"कोण? तू होय," आई म्हणाली. आवाज म्हातारा झाला होता, चार दिवसांत. "जेवलीस का?"

"हो. तू?"

"खाल्लं थोडं. तुझ्या वहिनीने पडदे धुवायला काढलेत. म्हटलं, अगं आत्ता कशाला? तर म्हणते, हात रिकामे नकोत. हवा बरी आहे. तिकडे?"

"इकडेही बरी आहे."

"गुडघे म्हणतायत आम्ही निघालो पुढे, तू ये मागून," आई म्हणाली आणि स्वतःच हसल्यासारखी झाली. तिला आईचा श्वास ऐकू येत होता. त्या श्वासाला वास असता तर तो तिला आला असता, खोबरेल तेलाचा आणि ओल्या पदराचा.

"थांब हं जरा," आई म्हणाली.

चपला फरफटल्या. भांडं सरकल्याचा आवाज झाला. आणि मग तिच्या कानात, जगाच्या त्या टोकावरून, पालथ्या पातेल्यावर पूर्ण सोडलेला नळ कोसळला.

आई खरं सांगणार होती. कधी कुणी केलं नव्हतं ते आई आज करत होती, फोन हातात घेऊन. आणि त्याच क्षणी तिला आईची चूक कळली. नळ भिंतींसाठी होता. नळामुळे ऐकू यायचं ते पाण्यापाशी डोक्याला डोकं लावून वाकलेल्यांनाच. फोनवर तर खरं कधी बोलायचंच नव्हतं, त्यामुळे फोनवर नळाचं काय करायचं ते त्या घरात कुणी कधी ठरवलंच नव्हतं. आईच्या हाताला एवढंच ठाऊक होतं: मुलीला खरं सांगायचं आहे, तर नळ सोडायचा. आणि आई बोलत होती. पाण्याखाली आईचा आवाज होता, नक्की होता. एक लांब वाक्य गेलं, मध्ये कुठेतरी चढलं, मग थांबलं. मग एक आखूड. मग बहुतेक रडणं, किंवा नुसतंच पाणी. तिने फोन कानावर इतका दाबला की कानाची पाळी दुखायला लागली. दुसरा कान बोटाने बंद केला, डोळे मिटले, श्वास सोडायचाही राहिला. पाणी, पाणी, पाणी. शब्द एकही नाही.

नळ बंद झाला.

"कळलं ना?" आई म्हणाली. आवाज मोकळा होता, कित्येक वर्षांत नव्हता इतका मोकळा. "आता मनाला लावून घेऊ नकोस."

तिने तोंड उघडलं. दाराला कडी होती. पडदा ओढलेला होता. या देशात असा एकही माणूस नव्हता जो तिला पुढचं वाक्य म्हणण्यापासून अडवू शकला असता. आई, ऐकू नाही आलं. नळ बंद करून सांग. एवढंच वाक्य, साबणाच्या वाक्याइतकं साधं. पण ते वाक्य लाइनवरून जाताना मधल्या त्या चहा पिणाऱ्यालाही ऐकू गेलं असतं. आत्तापर्यंत त्याच्यासाठी एका म्हातारीने भांडं विसळलं होतं, आणि मग त्याला कळलं असतं की त्या पाण्यात काहीतरी बोललं गेलं. मग तो विचारायला गेला असता. आईकडे, दादाकडे. आणि दार आतून लावलेलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "कळलं."

"सुटले गं बाई मी," आई म्हणाली. तिचा श्वास लांबवर, हलका होत गेला. "कधीचं छातीवर होतं. आता पुन्हा तो विषय नको हं. झालं ते झालं."

"नाही काढणार."

"जेवत जा वेळेवर."

तिने फोन ठेवला. मग मनातल्या मनात त्या लांब वाक्याच्या मापाची वाक्यं बसवून बघायला लागली, मेणात दात बसवतात तशी. कुणी आलं नव्हतं, शपथ सांगते, शांतपणे गेले, तुझंच नाव घेत होते. हे बसत होतं. आले होते, रेडिओचं विचारत होते, त्यांनी तुझं नाव घेऊ दिलं नाही. हेही बसत होतं, चढ-उतारासकट. आणि कुठलंही बसवलं तरी शेवटी तेच येत होतं: मनाला लावून घेऊ नकोस. आई दोन्ही वेळा हेच म्हणाली असती. आता कधीही विचारता येणार नव्हतं, कारण तिला कळलं होतं. आई सुटली होती. आईला पुन्हा अडकवायचं तर आज खोटं बोलले असं सांगावं लागणार होतं, आणि तेही फोनवर. आई मरेपर्यंत, आणि नंतरही, उत्तर त्या मोरीतून वाहून गेलेलंच राहणार होतं. बाबांचं पाणी पहिल्यांदाच खरोखर वाया गेलं होतं.

ती उठली. बटाट्यांचं पातेलं रिकामं केलं, बेसिनमध्ये पालथं घातलं आणि नळ पूर्ण सोडला. वाकून, पाण्याशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, ते आले होते का?" पुटपुटत म्हणाली, मग जरा मोठ्याने, मग घसा फाटेल इतक्या मोठ्याने, "आले होते का? बाबा, माझ्यामुळे आले होते का?" तुषार तोंडावर उडत होते, केसांतून, गळ्यातून आत जात होते. मेणवाला म्हणाला होता तसं ती बोंबलत होती, आणि कुणीही अडवत नव्हतं. जिन्यावर बूट वाजले तरी या वेळी तिच्या पोटऱ्यांना ते कळले नाहीत. दारावर टकटक झाली.

"बाई? पोलीस. शेजारच्यांची सायकल चोरीला गेली आहे, तुम्ही काही बघितलं का एवढंच विचारायचं होतं. आत येऊ का?"

तिच्या जिभेवर ते वाक्य आलंच होतं, बापाचं, घाईघाईचं, या, या. हातही कडीकडे निघाला होता. मग तो हवेतच थांबला.

"आत्ता नको," ती पाण्यावरून ओरडली. "नंतर या."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज झाला.

"बरं, बाई. काही मदत हवी असली तर सांगा," तो माणूस म्हणाला, मऊ आवाजात, आणि बूट जिना उतरत गेले. पहिला मजला, खालचा दरवाजा, रस्ता. कुणी दार ढकललं नाही. कुणी का विचारलं नाही. बाबांना हे सांगायला हवं होतं. हे ऐकून ते तोंडावर हात न धरता हसले असते.

ती तशीच उभी राहिली, केस गळत होते. मग तिने हात लांब केला आणि त्यांनी सांगितलं होतं तसा नळ बंद केला. एक थेंब लोंबत होता, तो थांबेपर्यंत आवळला. खोलीत आता इतकी शांतता झाली की कुणी अगदी हळू जरी काही सांगितलं असतं, तरी ऐकू आलं असतं.